कोल्हापुरी चप्पल प्रकरण: जीआयनं नाव राखलं, शिकवलेलं कसब कोण राखणार?

जून 2025 मध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीचा पुरुषांच्या फॅशनचा शो झाला, स्प्रिंग-समर 2026 चं कलेक्शन होतं, आणि त्यात मॉडेल्सच्या पायात जे सँडल होते ते बघून कोल्हापुरातल्या कुणालाच हे काय आहे असं विचारावं लागलं नाही. अंगठा तोच, सपाट तळ तोच, पट्ट्यांची मांडणी तीच. शोच्या माहितीत मात्र ते साधे लेदर सँडल होते, कोल्हापूरचं नाव नाही, भारताचंही नाही. मग सोशल मीडियावर ओरड झाली, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष ललित गांधी यांनी कंपनीला पत्र लिहिलं, आणि कंपनीच्या सामाजिक जबाबदारी विभागाचे प्रमुख लोरेन्झो बर्तेल्ली यांनी उत्तरात मान्य केलं की हे सँडल शतकानुशतकांचा वारसा असलेल्या भारतीय पायताणावरून प्रेरित आहेत. जुलैमध्ये कंपनीची टीम कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. त्याच महिन्यात मुंबई हायकोर्टात प्राडाविरुद्ध जनहित याचिका झाली आणि फेटाळलीही गेली. 11 डिसेंबर 2025 ला मुंबईत प्राडाचा महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला, आणि घोषणा अशी की महाराष्ट्रात आणि कर्नाटकात 2000 जोड बनवायचे, किंमत 800 युरोच्या आसपास, फेब्रुवारी 2026 पासून जगभरातल्या 40 दुकानांत आणि ऑनलाइन विक्री.

बातम्यांमध्ये 2000 जोड आणि 800 युरो हेच आकडे फिरत राहिले. पण त्या घोषणेत आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे फार कमी लोकांनी लक्ष दिलं: स्थानिक कारागिरांसाठी तीन वर्षांचा प्रशिक्षणाचा कार्यक्रम, आणि त्यातल्या काहींना इटलीतल्या कंपनीच्या अकादमीत थोड्या काळासाठी जाऊन शिकायची संधी. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा खरा गाभा इथं आहे. चप्पल विकली जाते तेव्हा एक जोड जातो, शिकवलं जातं तेव्हा अख्खं कसब हातातून हातात जातं, आणि आपल्याकडचा बौद्धिक संपदेचा कायदा जोडावरच्या नावाबद्दल बरंच बोलतो पण शिकवण्याबद्दल जवळपास गप्प आहे. पारंपरिक कलेचं प्रशिक्षण केंद्र चालवणाऱ्या प्रत्येकानं, मग ते पैठणीचं असो, वारलीचं असो, चामड्याचं असो, हे प्रकरण नीट वाचायला हवं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनात नक्की काय मिळालंय ते बघू. कोल्हापुरी चप्पलला 2019 मध्ये जीआय मिळालं. क्षेत्र आठ जिल्ह्यांचं: आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. नोंदणीकृत मालक दोन, महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ म्हणजे लिडकॉम, आणि कर्नाटकचं डॉ. बाबू जगजीवन राम चर्मोद्योग विकास महामंडळ म्हणजे लिडकर. दोन राज्यांनी मिळून एक नोंदणी घेतली हे फार शहाणपणाचं काम झालं, कारण अथणी-निपाणीकडचा कारागीर आणि कोल्हापूरचा कारागीर पिढ्यान्‌पिढ्या एकच माल बनवत आलेत, बाजारात दोघांचा माल एकाच नावानं जातो, आणि राज्यांची सीमारेषा मधे टाकून भांडण लावलं असतं तर दोघांचंही नुकसान होतं.

जीआयचा कायदा 1999 चा, लागू झाला सप्टेंबर 2003 पासून. नोंदणी 10 वर्षांची, मग नूतनीकरण करत राहायचं. पण हा कायदा राखतो काय? नाव. म्हणजे ठरलेल्या आठ जिल्ह्यांच्या बाहेर बनलेली चप्पल कुणी भारतात कोल्हापुरी म्हणून विकली किंवा ती तिथलीच आहे असं भासवलं तर ते उल्लंघन. चपलेचा आकार, वेणी घालायची पद्धत, चामडं कमावायची रीत, शिवण, यातलं काहीही जीआयनं कुणाच्या मालकीचं होत नाही. प्राडानं कोल्हापुरी हे नाव वापरलंच नव्हतं. त्यामुळे लोकांना जे सगळ्यात जास्त झोंबलं, की आमचं नावसुद्धा घेतलं नाही, तीच गोष्ट कायद्याच्या बाजूनं कंपनीला सोयीची होती. शिवाय आपली नोंदणी भारतापुरती, शो मिलानमध्ये. नैतिक प्रश्न मोठा होता, कायद्याचा दावा बारीक होता, आणि या दोघांत गल्लत झाल्यामुळे बऱ्याच लोकांनी आता कंपनी कोर्टात अडकणार असं धरून चाललं होतं.

हायकोर्टात काय झालं हे त्यामुळेच समजून घ्यायला हवं. मुख्य न्यायमूर्ती आलोक आराधे आणि न्यायमूर्ती संदीप मारणे यांच्या खंडपीठानं 16 जुलै 2025 ला याचिका फेटाळली, आणि कारण असं की ज्यांच्या नावावर जीआय आहे ते मालक स्वतः कोर्टात यायला समर्थ आहेत, मग तिसऱ्यानं जनहित याचिका का करायची. कायद्यात उल्लंघनाविरुद्ध दाद मागायचा अधिकार नोंदणीकृत मालकाला आहे आणि नोंदणीकृत अधिकृत वापरकर्त्याला आहे. हा जो दुसरा शब्द आहे, अधिकृत वापरकर्ता, त्याच्यावर जरा थांबायला पाहिजे.

मालक महामंडळ आहे, ठीक. पण चप्पल बनवणाऱ्या माणसाचा त्या नोंदणीशी थेट संबंध जोडायचा एकच रस्ता आहे, त्यानं जीआय रजिस्ट्रीत अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःचं नाव नोंदवायचं. ते झालं की तो त्याच्या मालावर जीआयचा लोगो लावू शकतो, आणि वेळ आली तर स्वतःच्या हक्कानं कोर्टातही उभा राहू शकतो. नोंदणी नसेल तर तो वंशपरंपरेनं कितीही वर्षं हे काम करत असू दे, कागदावर तो फक्त बघणारा. आणि ही नोंदणी करून देण्यासाठी सगळ्यात योग्य जागा कुठली? प्रशिक्षण केंद्र. तिथं कारागीर येतो, त्याचे कागद गोळा होतात, फोटो होतात, प्रमाणपत्राचा समारंभ होतो. त्याच वेळी अर्ज भरून घेतला तर वेगळी धावपळ लागत नाही. तरीही बहुतेक ठिकाणी कोर्स संपतो, प्रमाणपत्र फ्रेममध्ये जातं आणि अधिकृत वापरकर्त्याचा अर्ज कुणी काढतच नाही. एक बारकावा मात्र आहे, अर्ज उत्पादकाला करता येतो, नुसत्या शिकाऊ माणसाला नाही, म्हणजे शिकून झाल्यावर त्यानं त्या आठ जिल्ह्यांत प्रत्यक्ष काम सुरू केलेलं असायला हवं. त्यामुळे केंद्रानं कोर्सनंतर सहा-आठ महिन्यांनी माजी विद्यार्थ्यांना पुन्हा गाठायची सोय मुद्दाम ठेवायला हवी.

शिकवलं जातं ते नक्की काय

बाहेरून बघणाऱ्याला चप्पल म्हणजे तळ, अंगठा आणि पट्टा. आत गेलं की कळतं किती गोष्टी आहेत. चामडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावायचं, रसायनांनी नाही, आणि पारंपरिक पद्धतीत कातडं पिशवीसारखं शिवून त्यात तो अर्क भरून टांगायचं, ही एवढी एक पायरीसुद्धा नुसत्या वाचनानं येत नाही. मग रापीनं कापायचं, आरीनं भोकं पाडायची, चामड्याच्याच वादीनं शिवायचं, खिळ्याचा वापर नाही. वेणी घालणं आणि नक्षीकाम हे बऱ्याच घरांत बायका करतात. साल किती दिवस ठेवायची, ओलावा किती असताना तळ ठोकायचा, कुठलं कातडं तळाला आणि कुठलं पट्ट्याला, हे सगळं हातात आणि डोळ्यात असतं, लिहिलेलं नसतं. जीआयच्या फाईलमध्ये मालाचं वर्णन असतं, पद्धतीचा सारांश असतो, पण चप्पल दहा वर्षं का टिकते याचं उत्तर त्या फाईलमध्ये पूर्ण उतरत नाही.

आणि हे ज्ञान कुणाचं होतं हे विसरून चालणार नाही. चामडं कमावण्याचं काम ढोर समाजानं केलं, चपला चर्मकार समाजानं केल्या, आणि ज्या कामामुळे त्यांना गावकुसाबाहेर ठेवलं त्याच कामावर आज मानांकन आहे, फॅशन शो आहे, करार आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी या धंद्याला जो आधार दिला त्याचं नाव आपण घेतो ते योग्यच आहे. पण म्हणूनच केंद्रात कुणीही येऊन शिकावं ही चांगली गोष्ट असली तरी ज्यांच्याकडून शिकवलं जातं त्यांना त्या बदल्यात नक्की काय मिळतं हा प्रश्न बाजूला टाकता येणार नाही. मास्टर ट्रेनरला दिवसाचं मानधन दिलं की हिशोब मिटला असं मानणं मला पटत नाही. त्यानं दिलं ते दिवसाचं काम नव्हतं.

कायद्याकडे या ज्ञानासाठी थेट उत्तर नाही. पेटंट मिळत नाही, कारण पेटंट कायद्याच्या कलम 3(पी) प्रमाणे जे पारंपरिक ज्ञानच आहे किंवा त्याच्या माहीत असलेल्या गुणांची नुसती बेरीज आहे ते शोध मानलं जात नाही. याचा फायदा असा की दुसराही कुणी बाभूळ-हिरड्याच्या जुन्या पद्धतीवर पेटंट घेऊन बसू शकत नाही. तोटा असा की कारागिरालाही काही मिळत नाही. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाच नाही, जे काही संरक्षण आहे ते करारातून आणि विश्वासभंगाच्या तत्त्वातून येतं. म्हणजे करार नसेल तर हातात काहीच नाही. 2024 च्या मे महिन्यात जिनिव्हात जागतिक बौद्धिक संपदा संघटनेनं पारंपरिक ज्ञानाबद्दल एक आंतरराष्ट्रीय करार मंजूर केला खरा, पण तो जनुकीय संसाधनं आणि त्यांच्याशी जोडलेलं ज्ञान, आणि पेटंट अर्जात त्याचा स्रोत सांगणं, एवढ्यापुरता आहे. चपलेची वेणी त्यात येत नाही.

व्हिडिओ, नोट्स, अभ्यासक्रम

आजकाल प्रत्येक केंद्र पहिलं काम करतं ते रेकॉर्डिंगचं. कॅमेरा लावायचा, सत्तरीतल्या कारागिराला बसवायचं, सगळ्या पायऱ्या करून दाखवायला लावायच्या. जतन म्हणून हे हवंच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कॉपीराइट कायद्यात फिल्मचा पहिला मालक निर्माता, म्हणजे ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. कारागिराचं नाव श्रेयनामावलीत आलं तर आलं. बरोबरीनं हेही लक्षात घ्या की त्याच कायद्यात परफॉर्मर या व्याख्येत व्याख्यान देणाराही येतो, त्यामुळे करून दाखवत समजावून सांगणारा कारागीर परफॉर्मरला मिळणाऱ्या हक्काचा दावा करू शकतो, आणि लेखी संमती न घेता केलेलं रेकॉर्डिंग उद्या केंद्राच्याच अंगाशी येऊ शकतं. संमतीपत्र मराठीत हवं (बेळगावच्या बाजूला कन्नडमध्ये), वाचून दाखवलेलं हवं, आणि त्यात हे स्पष्ट हवं की हे रेकॉर्डिंग फक्त वर्गासाठी आहे का यूट्यूबवर जाणार, कंपनीला दाखवणार का, पैसे आले तर किती वाटा, आणि एखादी पायरी कॅमेऱ्यासमोर करायची नाही असं कारागिरानं ठरवलं तर त्याला ते म्हणायचा हक्क आहे का.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. सगळंच सगळ्यांसाठी उघडं असावं असं काही नाही. केंद्रानं ज्ञानाचे तीन थर करायला हरकत नाही, एक जो जगाला दाखवायचा, एक जो नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्याला वर्गात शिकवायचा, आणि एक जो त्या घरानं, त्या समाजानं ठरवलं तरच पुढं द्यायचा. ठरवणार कोण? केंद्राचा संचालक नाही. कारागिरांची एक समिती हवी, तिच्यात बायका हव्यात कारण वेणी त्या घालतात, आणि तिचा नकार चालणारा हवा.

अभ्यासक्रमाचंही तसंच. संस्था बाहेरून सल्लागार बोलावते, तो कारागिरांशी बोलून शंभर पानांचं मॅन्युअल लिहितो, आणि लिहिणारा म्हणून कॉपीराइट त्याचा होतो, कारण तो संस्थेचा नोकर नाही, स्वतंत्र माणूस आहे. मग दोन वर्षांनी तेच मॅन्युअल दुसऱ्या राज्यातल्या संस्थेला विकलं जातं आणि इथल्या कुणाला पत्ताही नसतो. हक्क लेखी वर्ग करून घेतले नाहीत तर हे अडवता येत नाही. लेखी घेतानाही काळ आणि प्रदेश लिहायला विसरायचं नाही, कारण कॉपीराइट कायदा म्हणतो की काळ लिहिला नसेल तर 5 वर्षं धरायची आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

विद्यार्थ्यानं केलेलं नवं डिझाइन

आता सगळ्यात जास्त भांडणं जिथं होतात तिथं येऊ. कोर्सच्या शेवटी प्रत्येकाला प्रोजेक्ट असतो, जुन्या चपलेत काहीतरी नवं कर, आणि खरंच सुंदर कामं होतात. एखाद्या मुलीनं वेणीची नवी गुंफण केली, केंद्रानं फोटो काढला, इन्स्टाग्रामवर टाकला, लाईक आले, सगळे खूश. आणि तिथंच त्या डिझाइनच्या नोंदणीचा दरवाजा बहुतेक बंद झाला. डिझाइन कायदा 2000 प्रमाणे डिझाइन नवं हवं आणि अर्जाच्या आधी भारतात किंवा जगात कुठंही प्रसिद्ध झालेलं नसावं. हातानं बनवलेलं चालतं, कायद्याच्या व्याख्येत हातानं केलेली प्रक्रिया आहे, पण आधी दाखवलेलं चालत नाही. सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडायचं असेल तर आधी कळवून आणि सहा महिन्यांत अर्ज करून सूट मिळते, आणि विश्वासानं दाखवलेलं कुणी फोडलं तर तेही नोंदणीच्या आड येत नाही. सोशल मीडियावरच्या स्वतःच्या पोस्टला मात्र अशी कुठलीच सूट नाही. त्यामुळे केंद्रात एकच नियम लावा, आधी अर्ज, मग पोस्ट. नोंदणी झाली की 10 वर्षं संरक्षण आणि पुढं 5 वर्षं वाढवता येतं. अर्जच केला नाही तर कॉपीराइटवरही फार विसंबता येत नाही, कारण नोंदवता येण्यासारखं असून न नोंदवलेलं डिझाइन औद्योगिक प्रक्रियेनं 50 पेक्षा जास्त नगांवर आलं की त्यातला कॉपीराइट संपतो.

पण ते डिझाइन कुणाचं? केंद्राचे लोक म्हणतात आमची जागा, आमचं चामडं, आमचा शिक्षक. मुलगी म्हणते कल्पना माझी. कायदा साधारणपणे करणाऱ्याच्या बाजूनं आहे, पण कुणी मोबदला देऊन काम करून घेतलं असेल तर मालक तो. मग विद्यावेतन हा मोबदला आहे का? शिकण्यासाठी दिलेली मदत आहे, का काम करून घेतल्याचे पैसे? इथं खरोखर दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो, म्हणूनच प्रवेशाच्या फॉर्ममध्ये एक वाक्य टाकून तो आधीच मिटवायला हवा. माझं मत स्पष्ट आहे, मालकी विद्यार्थ्याची ठेवावी, केंद्राला शिकवण्यासाठी आणि प्रदर्शनासाठी वापरायची मोफत परवानगी असावी, आणि विक्रीतून पैसे आले तर ठरलेला वाटा शिकवणाऱ्या कारागिरांच्या निधीत जावा. केंद्रानं सगळं आपल्या नावावर घ्यायचं ठरवलं तर कायदा त्याला अडवणार नाही, पण मग चांगलं डिझाइन कुणी वर्गात आणणारच नाही, घरी जाऊन करेल.

जुन्या नमुन्यांचं मात्र बरोबर उलटं. जे शंभर वर्षं चालत आलंय ते कुणाच्या एकट्याच्या नावावर जाऊ नये असं वाटत असेल तर ते जितकं प्रसिद्ध होईल तितकं चांगलं. केंद्रानं जुन्या प्रकारांची तारखेसकट सूची करावी, फोटो, मोजमाप, कुठल्या गावात कोण बनवतं, आणि ती सगळ्यांना बघता येईल अशी ठेवावी. उद्या कुणी त्यातलाच एखादा प्रकार डिझाइन म्हणून नोंदवला तर नोंदणी रद्द करायला हाच पुरावा. म्हणजे एकाच केंद्रात नव्यासाठी झाकून ठेवायचं आणि जुन्यासाठी उघडं करायचं, आणि कुठली गोष्ट कुठल्या कप्प्यात जाते हे ज्येष्ठ कारागिराला विचारल्याशिवाय कळणार नाही.

केंद्र कुठं आहे यावरही अवलंबून

समजा केंद्र पुण्यात किंवा दिल्लीत आहे. चप्पल करायला शिकवायला कुणाची हरकत नाही, जीआय शिकवण्यावर बंदी घालत नाही. पण त्या केंद्रात बनलेला जोड कोल्हापुरी म्हणून विकता येत नाही, कारण तो आठ जिल्ह्यांच्या बाहेर बनला, मग शिकवणारा कितीही अस्सल कारागीर असू दे. हे विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी सांगायला हवं, नाहीतर तो बिचारा कर्ज काढून धंदा सुरू करतो, बॉक्सवर कोल्हापुरी छापतो आणि नोटीस आली की केंद्राकडे धावत येतो. केंद्राच्या स्वतःच्या ब्रँडसाठीही वेगळं नाव घ्यावं आणि ट्रेडमार्क म्हणून नोंदवावं, जीआयचं नाव त्यात ओढून-ताणून बसवायचा मोह टाळावा.

डिसेंबरचा करार कसा वाचायचा

जीआय कायद्याच्या कलम 24 प्रमाणे नोंदणीकृत जीआयचा हक्क कुणाला विकता, गहाण ठेवता किंवा लायसन्स म्हणून देता येत नाही. तो त्या प्रदेशातल्या उत्पादकांचा सामायिक आहे आणि तसाच राहतो. म्हणून कुठल्याही कंपनीला कोल्हापुरी हे नाव कुणी लायसन्सवर देऊच शकत नाही, महामंडळंसुद्धा नाही. प्राडाच्या प्रकल्पाचं नाव बघा, भारतात बनवलेलं आणि कोल्हापुरी चपलेवरून प्रेरित, अशी त्याची मांडणी आहे. माझ्या दृष्टीनं जूनपासून डिसेंबरपर्यंतचा खरा फरक हाच, मूळ सांगितलं गेलं आणि काम इथल्या हातांना मिळालं, आणि दोन्ही गोष्टी कोर्टाच्या निकालानं आल्या नाहीत, लोकांच्या आवाजानं आल्या.

पण प्रशिक्षणाचा भाग आला की प्रश्न उलट्या दिशेनं विचारायला हवेत. इथला कारागीर परदेशातल्या अकादमीत शिकायला जातो तेव्हा तो शिकतोही आणि शिकवतोही, त्याचे हात चालताना बघणारे लोक तिथं असतात. त्यानं तिथं बसून एखादा नवा तळ किंवा नवी गुंफण केली तर ते डिझाइन कुणाचं? तिथं कुठल्या कागदावर सही घेतली जाते, ती कुठल्या भाषेत आहे, भांडण झालं तर कुठल्या देशाचा कायदा लागणार? असा कुठलाही करार करणाऱ्या संस्थेनं, कंपनी कुठलीही असो, ही कलमं आधी बघायला हवीत: प्रशिक्षणात दाखवलेली पद्धत प्रशिक्षणाबाहेर वापरायची असेल तर लेखी परवानगी, तिथं तयार झालेल्या डिझाइनमध्ये कारागिराचं नाव आणि वाटा, रेकॉर्डिंगवर मर्यादा, आणि करार संपल्यावर साहित्य परत. मोठा ब्रँड दारात आला की आनंदानं घाई होते, हे समजू शकतं, बाजाराची इतकी वर्षं वाट बघितलेली असते. पण सही करण्याआधी जितकी ताकद असते तितकी नंतर कधीच नसते.

वाट्याबद्दल एक व्यवहारातली गोष्ट. वाटा द्यायचा तर कुणाला, हा प्रश्न नेहमी निघतो, कारण कसब एका घराचं नाही. त्यामुळे व्यक्तीला मानधन आणि श्रेय, आणि त्यापलीकडची रक्कम सामायिक निधीत, असं दोन भागांत करणं बरं. निधीतून काय करायचं हे समितीनं ठरवावं, अधिकृत वापरकर्त्याच्या नोंदण्या, डिझाइनच्या अर्जांची फी, म्हाताऱ्या कारागिरांचं औषधपाणी, मुलांचं शिक्षण. हिशोब दरवर्षी सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा.

आता पुढचं. युरोपियन युनियननं हस्तकला आणि औद्योगिक वस्तूंसाठी भौगोलिक मानांकनाचा नवा कायदा केलाय, 2023 चा 2411 क्रमांकाचा, आणि तो 1 डिसेंबर 2025 पासून लागू झालाय. आधी तिथं संघपातळीवरचं हे संरक्षण शेतमाल, खाद्यपदार्थ आणि दारूपुरतं होतं, आता चप्पल, कापड, भांडी यांनाही दरवाजा उघडलाय, आणि युनियनबाहेरच्या देशातल्या उत्पादकांनाही आपल्या देशात नाव संरक्षित असेल तर अर्ज करता येतो. मालाच्या मूळ प्रदेशाच्या नावांची आंतरराष्ट्रीय नोंदणी करणाऱ्या लिस्बन कराराच्या जिनिव्हा ॲक्टमधूनही तिथं जायचा एक रस्ता आहे, पण भारत त्या कराराचा सदस्य नाही, म्हणून आपल्यासाठी थेट अर्ज हाच रस्ता. तो लिडकॉम आणि लिडकरनं मिळून करायला हवा, आणि त्या अर्जाला लागणारं वर्णन, म्हणजे कच्चा माल, कमावण्याची रीत, शिवणीच्या पायऱ्या, त्या प्रदेशाशी असलेलं नातं, हे सगळं गोळा करून, कारागिरांच्या सह्यांनिशी तयार ठेवायचं काम त्या आठ जिल्ह्यांतली प्रशिक्षण केंद्रं याच वर्षी हातात घेऊ शकतात.